पांगाऱ्याच्या दोन काठ्या

आगाशी
७ नोव्हेंबर २००४

चि. पूर्वीस आत्माराममामाचे अनेक आशीर्वाद.

आधी तब्येतीचं बोलू, मग भांडणाचं. तुझी अक्कलदाढ काय म्हणते? काढलीस की अजून लवंगेवर भागवतेस? तुझ्या घरमालकीणबाईंचे गुडघे तिकडच्या परदेशी थंडीत फार धरत असतील. त्यांना सांग, तुझ्या मनोरमामामीचेही धरतात आणि ती ते निगडीच्या पाल्याने शेकते. त्यांच्या बहिऱ्या कुत्र्यालाही माझा रामराम, ऐकू येत नसला तरी. इकडे तुझ्या मामीचं रक्तदाब-प्रकरण गोळीवर ठीक आहे. तुझी आई, आमची प्रेमला, परवा विरारहून येऊन गेली. प्रकृतीने बरी, पण तुझ्या काळजीने अर्धी झाली आहे. आमच्या लेकाचा, जितेशचा खोकला गेला. नातीला, आर्याला कांजिण्या आल्या आणि गेल्या, आता ती सगळ्यांना डाग मोजायला लावते. मी ठणठणीत. केळीच्या बनात फिरणाऱ्या माणसाला आजार शोधत येत नाही, चिकाचे डाग बघून लांबूनच परततो.

आता भांडणाचं. तुझं पत्र प्रेमलेने वाचून दाखवलं. म्हणजे मुंबईतल्या त्या तुझ्या केयूर सरांनी तुझं गणित आपल्या नावावर छापलं, आणि शेवटी लिहिलं की आकृत्या नीटनेटक्या काढून दिल्याबद्दल पूर्वीचे आभार. पोरी, तीन वर्षं तू ज्याच्यापायी जेवण विसरलीस, त्यातल्या फक्त आकृत्या तुझ्या? तिचं वाचून झाल्यावर मी वाडीत गेलो आणि एक वाळकी केळ उगाचच कापली.

शेवटी माझ्यासाठी लिहितेस, 'जाऊ दे मामा, मी बघते.' हे 'जाऊ दे' मला नको. आपण वाडीवाले. गुरं आत शिरली तर हाकलतो, पण ज्याने कुंपण मुद्दाम मोडलं त्याला विसरत नाही. हिरामण आठवतो ना? माझा चुलतभाऊ, शेजारच्या वाडीचा. तालुक्याच्या प्रदर्शनात माझ्या राजेळी केळीच्या लोंगराला, अख्ख्या घडाला, पहिला नंबर आला आणि ढाल मिळाली हिरामणला. टेबलं मांडणाऱ्यांनी दांड्यावरची खूण चुकीची वाचली. हिरामणला ते स्टेजवरच कळलं होतं, मी त्याचा चेहरा बघत होतो. हार घालून घेतला, खाली उतरला आणि मला म्हणाला, "ढाल दोघांचीच समज, टांगतो फक्त माझ्या ओटीवर." तेव्हापासून मी त्याच्या ओटीवर पाय ठेवलेला नाही.

तर मला एवढंच कळव, चोरीला नेमकं काय गेलं? मी सातवी शिकलेला. पुढचं गणित बाजारातल्या रद्दीवाल्याच्या पुस्तकांतून, केळीला पाणी लावता लावता शिकलो. समीकरणं सोडवतो, पण तुझ्या लेखाचं नावही मला वाचवत नाही. ज्या वस्तूसाठी सूड उगवायचा ती वस्तू तरी मला ओळखता यावी.

तुझा
मामा


२४ नोव्हेंबर २००४

ती. आत्माराममामांस सा. न.

दाढ काढली. घरमालकीणबाईंना निगडीचं सांगितलं, त्यांनी वहाणा झटकाव्यात तशी मान झटकली. कुत्रा खुशाल आहे.

मामा, तुम्ही स्वतःच हिरामणमामांचं काढलंत, म्हणून तिथूनच सांगते. आपल्या घराण्याची खूण काय? लोंगराच्या दांड्यावर कोयत्याने तीन खुणा, गोलाकार: उभी रेघ, आडवी रेघ, फुली. पणजोबांनी दोघा मुलांना वाटणी देताना खुणा त्याच ठेवल्या, फक्त फेरा बदलला. दांड्याचं कापलेलं तोंड वर धरून वरून पाहिलं की आपल्या खुणा घड्याळाच्या काट्यासारख्या जातात, हिरामणमामांच्या उलट. दांडा हातात कसाही येतो, सुरुवात कुठूनही होते. म्हणून 'पहिली खूण कुठली' या प्रश्नाला अर्थ नाही. दांडा गोल फिरवला तरी जे बदलत नाही, तेवढंच खरं.

माझं काम एवढंच आहे. वस्तू हलवायच्या ज्या ज्या परवानग्या आहेत, त्यांच्या समूहाला आम्ही ग्रुप म्हणतो. आपल्या दांड्याला परवानगी एकच, गोल फिरवायची. मग मी अशा राशी शोधते ज्या कितीही फिरवलं तरी तशाच राहतात. त्या सगळ्या जमवायला गेलं तर अवघड उदाहरणांत ढीग होतो, आयुष्य जाईल. पण दोन वेगळ्या वस्तू वेगळ्या ओळखायला सगळा ढीग लागत नाही, मूठभर पुरतात. ती मूठ कुठली आणि किती लहान, हे मी शोधत होते. मोठमोठ्या ग्रुपांसाठी, दांडा हे त्यातलं सगळ्यात लहान पिल्लू.

तुम्ही करून बघा. उभ्या रेघेला १, आडवीला २, फुलीला ३ म्हणा. बेरीज ६. दोन-दोनचे गुणाकार करून मिळवले की ११. तिघांचा गुणाकार ६. हे तिन्ही आकडे फिरवून बदलत नाहीत. पण ते आपल्या दांड्यालाही येतात आणि हिरामणमामांच्याही! दोन्ही फेरे त्या आकड्यांना एकच वाटतात. आता पहिल्यातून दुसरा वजा, दुसऱ्यातून तिसरा, तिसऱ्यातून पहिला, आणि तिन्हींचा गुणाकार. आपला येतो २. त्यांचा येतो उणे २. ही चौथी राशी घेतली की झालं.

आता नीट ऐका. मी मुंबई सोडताना कच्चा मसुदा सरांच्या टेबलावर ठेवून आले. त्यात ही फेऱ्याची राशी मी गाळली होती. वाटलं होतं, बाकीच्यांत ती येतेच. विमानात बसल्यावर चूक कळली. इथून तीनदा कळवायचा प्रयत्न केला, तोवर सरांनी उत्तरं देणं बंद केलं होतं. आणि मग त्यांनी मसुदा जसाच्या तसा छापला. चुकीसकट.

लेख ज्या संशोधन-पत्रिकेत आला तिला गुपचूप कळवता येईल. मग बारीक टायपात एक दुरुस्ती येईल, तीही त्यांच्याच नावाने. मला ते नको. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात इथल्याच दुसऱ्या गावी मोठी परिषद आहे, मुख्य व्याख्यान केयूरचं. (सर म्हणणं मी आज सोडलं.) मार्चमध्ये माझी फेलोशिप संपते आणि पुढची जागा देणारी माणसं त्याच सभागृहात बसणार आहेत. हे काम माझ्या नावावर नसेल, तर माझ्याकडे दाखवायला नीटनेटक्या आकृत्या उरतात.

मला दोन दांडे हवेत, मामा. केळीचे नकोत, कुजतील. लाकडाचे करा. एकावर आपली खूण, एकावर हिरामणमामांची. व्याख्यान संपलं की मी ते त्याच्यासमोर ठेवून विचारणार, हे एकच आहेत का? त्याच्या लेखाप्रमाणे त्याला हो म्हणावं लागेल. मग म्हणेन, फिरवून जुळवून दाखवा. सगळ्यांसमोर तो फिरवत बसलेला मला बघायचाय.

आईला यातलं सांगू नका.

तुमची
पूर्वी


आगाशी
१२ डिसेंबर २००४

चि. पूर्वीस आशीर्वाद.

तुझं पत्र मी केळीखाली बसून चार वेळा वाचलं आणि पेन्सिलीने गणित केलं. माझे २, हिरामणचे उणे २. इतकी वर्षं मला वाटत होतं तो उणा आहे, आज गणिताने सिद्ध झालं. त्या चौथ्या राशीला मी आपलं नाव दिलंय, पीळ. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसा दांडा कितीही फिरवला तरी हा जात नाही.

काठ्या केल्या. पांगाऱ्याचं लाकूड घेतलं, मऊ असतं, कोयती छान बोलते. दोन्ही एकाच फांदीच्या, एकाच लांबीच्या, टोकं घासून गुळगुळीत केलीत, हातात धरायला गोजिरवाण्या. परदेशात आपली वस्तू ओबडधोबड जायला नको. मनोरमा म्हणाली, "नातवंडांना खेळणी कधी केली नाहीत, आणि आता काठ्या घासताय?" मी म्हटलं, हे खेळणंच आहे, एका मोठ्या माणसाला खेळवायचंय.

पोस्टातल्या बाईंनी विचारलं, पार्सलात काय. म्हटलं, सुकेळी आणि दोन काठ्या. "काठ्या कशाला?" "तिकडे कुत्रा आहे." खोटं नाही बोललो. सुकेळी घरच्याच राजेळीची, उन्हात वाळवलेली आहेत, केळीच्या सोपटात, सुक्या सालीत बांधलीत. व्याख्यानाच्या दिवशी सकाळी एक खा. रिकाम्या पोटी सूड पचत नाही.

एकच सांगतो. विचारताना आवाज चढवू नकोस. आपल्या बाजारात मोठ्याने बोलणाऱ्याचा माल गिऱ्हाईक हाताळून बघतं. हळू बोलणाऱ्याचा विकत घेतं.

मामा


२ जानेवारी २००५

ती. मामांस सा. न.

पार्सल मिळालं. काठ्या इतक्या सुंदर आहेत की घरमालकीणबाईंनी एक मागितली. सुकेळी लपवून ठेवलीत. उद्या दुसऱ्या गावी निघते, परिषद तिथेच आहे, आधी आठवडाभर अभ्यासवर्ग. केयूरच्या व्याख्यानाची पत्रकं भिंतीभिंतीवर लागलीत, फोटोसकट. फोटोत तो हसतोय. हसू दे.

पूर्वी


आगाशी
२ जानेवारी २००५

पूर्वी,

तब्येत विचारायला वेळ नाही. त्या काठ्या वापरू नकोस.

काल हिरामण घरी आला. त्याच्या नातवाचं लग्न आहे, आणि भाऊबंदाला अक्षत द्यायला घरच्या वडीलधाऱ्याने स्वतः जावं लागतं, वैर असो नसो. मुलाला पाठवून चाललं असतं तर तो मेला तरी आला नसता, नि मी मेलो तरी दार उघडलं नसतं. ओटीवर बसला. मी आर्यासाठी तसल्याच दोन काठ्या केल्या होत्या, त्या त्याच्या हाती लागल्या.

"हे काय, माझी खूण तू कधीपासून कोरायला लागलास?"

"ओळखायला येते ना अजून?" मी म्हटलं. "की स्टेजवर चढल्यावर विसरतोस?"

तो एक काठी हातात घेऊन फिरवत राहिला. मग खालचं टोक वर केलं आणि दुसरीशेजारी धरली.

"आत्माराम, ही तुझी. आता ही बघ, उलटी धरली. तुझी नि माझी एकच झाली की."

मी डोळे पुसून पाहिलं. खरंच. काठी उलथी केली की फेरा उलटतो, माझी खूण त्याची होते आणि त्याची माझी. आपल्या दांड्याला वरचं तोंड असतं, कापलेलं, चीक गळणारं. कुठला वाडीवाला लोंगर उलटा धरेल? ते माझ्या इतकं अंगात मुरलेलं की काठीलाही वर-खाली असतं असं धरून चाललो. आणि दोन्ही टोकं घासून सारखी केली, गोजिरवाणी दिसावीत म्हणून. खुणेचा जीव मीच घेतला.

तो केयूर काठी उलटी करेल, जुळवून दाखवेल आणि सभा तुला हसेल. तू फक्त एका टोकाला शाईने टिंब कर, म्हणजे ते वर. नाहीतर काठ्या नेऊच नकोस, फळ्यावर सांग.

जितेशने फोन लावला. तिकडून कोणी बाई तिच्या भाषेत बराच वेळ काही बोलल्या, मी 'पूर्वी, पूर्वी' म्हणत राहिलो, मागे कुत्रा भुंकला आणि फोन कटला, पुन्हा लागलाच नाही. हे पत्र वेळेत मिळावं म्हणून मनोरमेने गणपतीला नारळ बोलला आहे. माझा नारळावर नाही, पोस्टावर भरवसा होता. आता तोही नाही.

मामा


१६ जानेवारी २००५

ती. मामांस सा. न.

मामी कशी आहे? तुमची झोप नीट होते का? आर्याच्या काठ्या अजून आहेत का? आधी हे विचारते, कारण तुमचं दोन तारखेचं पत्र मला काल परत आल्यावर दारात पडलेलं सापडलं.

काठ्या नेल्या होत्या. टिंब नव्हतं.

व्याख्यान झालं. टाळ्या झाल्या. अध्यक्षस्थानी एक म्हाताऱ्या प्राध्यापिका होत्या, साखळीच्या चष्म्याच्या. त्यांनी प्रश्न मागितले, मी हात वर केला. मला पाहून केयूर म्हणाला, "ही माझी विद्यार्थिनी, आकृत्या हिच्याच आहेत." लोक कौतुकाने वळले. मी पुढे जाऊन काठ्या टेबलावर ठेवल्या, हळू आवाजात विचारलं, तुमच्या लेखाप्रमाणे या एकच का? त्याने खुणा बघितल्या. "अर्थात एकच." म्हटलं, जुळवून दाखवता?

तो फिरवायला लागला. एकदा, पुन्हा. जुळेना. मागच्या रांगेत कोणी खुर्ची सरकवली. मामा, तो चेहरा मी ज्यासाठी आले होते तोच होता, आणि मला सुकेळ्याची चव तोंडात आली.

मग त्याने एक काठी उलटी केली. जुळली. दोन्ही हातांत दोन्ही काठ्या धरून त्याने सभागृहाला दाखवल्या आणि सभागृह हसलं. टाळ्यासुद्धा वाजल्या. दोन्ही टोकं सारखीच गुळगुळीत होती. खरं सांगते, त्या क्षणी मला केयूरपेक्षा तुमचा राग आला.

मी वळले. परत जागेवर जाऊन बसणार होते. आणि मधल्या वाटेत लक्षात आलं की त्याने केलं काय.

मी तिथूनच म्हणाले, "सर, काठी उलटी केलीत."

"मग?"

"उलटी करायची परवानगी तुमच्या लेखात कुठल्या ओळीत आहे?"

तो हसला. "ते उघडच आहे. लिहायला कशाला हवं?"

अध्यक्षबाईंनी समोरचा लेख उघडला. चष्मा लावला. पहिलीच ओळ मी स्वतः लिहिलेली, वाटेल तितक्या वेळा खोडून: इथे फक्त फिरवणं आहे, उलटवणं नाही. सगळा लेख त्या एका ओळीवर उभा आहे. बाईंनी विचारलं, "तुमच्या पहिल्या ओळीत काय आहे, आठवतं तुम्हाला?" त्याने पान उलटलं. बाई म्हणाल्या, "उलटवायची परवानगी असेल, तर या तीन खुणांचं गणित शेकडो वर्षं जुनं आहे, पहिल्या वर्षाच्या मुलांना येतं. परवानगी नसेल, तर या दोन काठ्या वेगळ्या आहेत आणि तुमचं प्रमेय चूक आहे. यातलं कुठलं?"

आणि मग, मामा, त्याने माझ्याकडे पाहिलं. मुंबईत फळ्यावर अडकला की जसा पाहायचा तसं. सवयीने. मी उत्तर सांगेन म्हणून थांबला.

मी गप्प बसले. त्याला तसाच पाहत ठेवला. सगळ्यांनी ते पाहिलं आणि बाईंनी तर नक्कीच पाहिलं, कारण त्यांनी खडू त्याला दिला नाही, मला दिला.

मी तुमचा पीळ फळ्यावर लिहिला.

काठ्यांना टिंब असतं, तर तो गोंधळून म्हणाला असता, 'चूक राहिली, दुरुस्त करू', आणि प्रमेय त्याचंच राहिलं असतं. ज्याने ते लिहिलं त्याने काठी कधीच उलटी केली नसती. तुमच्या गोजिरवाण्या टोकांनी त्याला हे करायला लावलं.

पण इथे संपलं नाही. दुसऱ्या दिवशी न्याहारीला तो माझ्या टेबलाशी आला. मराठीत बोलला, माझ्याशी पहिल्यांदाच. "पूर्वी, झालं ते झालं. दुरुस्त लेख दोघांच्या नावाने छापू, तुझं नाव आधी. पत्रिकेला मी सांगतो की पहिल्या वेळी नाव चुकून राहिलं. तुझ्या नोकरीचं शिफारसपत्र आजच देतो." त्याचे डोळे सुजले होते. घरी आई आजारी आहे म्हणाला. असेलही.

अध्यक्षबाईंचं म्हणणं वेगळं. मी लेखी सांगितलं की मसुदा माझा, तर पुढचं त्या पत्रिकेकडे बघतील. मग त्याचा लेख मागे घेतला जाईल आणि त्याचं तिथलं नाव संपेल. सांगायचं की नाही, हे माझ्यावर.

त्याला पडताना पाहिलं, मामा. वाटलं होतं तितकं गोड नव्हतं, पण कडूही नव्हतं. दोन नावांचा विचार मनात येतो. तुम्ही काय म्हणता?

पूर्वी


आगाशी
३० जानेवारी २००५

चि. पूर्वीस मामाचे पुष्कळ आशीर्वाद.

मनोरमा बरी आहे, नारळ फोडून आली. पत्र उशिरा पोचलं म्हणून नवस फळला असं तिचं म्हणणं, आता हिला कोण गणित शिकवणार. झोप लागते. आर्याच्या काठ्यांनी ती अंगणात क्रिकेट खेळते.

दोन नावांचं विचारतेस. "ढाल दोघांचीच समज, टांगतो फक्त माझ्या ओटीवर." हे वाक्य मी तुला पहिल्या पत्रात लिहिलं होतं. तुझा केयूर तेच म्हणतोय, फक्त ओटी मोठी आहे. त्या दिवशी मी मान डोलवली होती. त्या मानेचं दुखणं कुठल्याच पाल्याने गेलं नाही.

त्याची आई आजारी असेल, तर देव तिला बरं करो. हे मनापासून. तिच्यासाठी तू सुकेळी पाठव हवी तर, मी बांधून देतो. पण लेख देऊ नकोस. केळ एकदाच व्यायते. लोंगर उतरला की केळ कापतात, उभी ठेवली तर बुडातून फुटलेल्या पिलांचं पाणी खाते. त्याच्या नावाला यायचा तो घड येऊन गेला, तोही तुझ्या खताचा. आता कोयती मार आणि मागे बघू नकोस. लेखी दे. 'मसुदा माझा' एवढेच दोन शब्द, हळू आवाजात.

शिफारसपत्र त्याचं घेऊ नकोस. ज्या बाईंनी खडू तुझ्या हातात दिला त्यांनी शिफारस केलीच आहे.

आणि आता हिरामणचं. तो परवा पुन्हा आला, लग्नाला या म्हणून आठवण करायला. खरं तर काठ्यांचं काय झालं हे ऐकायला, नाहीतर आठवण करायला मुलगा पाठवला असता. मी ओटीवर बसवला. चार शेजारी होते, तेही बसले. मग मी तुझं सगळं पत्र सांगितलं, काही न गाळता. दुसऱ्याची वस्तू आपल्या नावावर मिरवणारा माणूस सगळ्यांसमोर काठी हातात धरून कसा उभा राहिला, हे जरा दोनदा सांगितलं. हिरामण मान खाली घालून चहा पीत होता. चहा मी बिनसाखरेचा करायला सांगितला होता. इतक्या वर्षांचं वैर एका कपात गोड करायला मी काही संत नाही.

जाताना म्हणाला, "उलटी करून मीच दाखवली होती हो. पोरीला कळव."

म्हटलं, कळवतो. तर कळवलं.

काल लग्नाला मनोरमा आणि आर्या गेल्या, मी नाही. आर्या परत आली ती हसतच. म्हणाली, "आजोबा, हिरामणआजोबांच्या ओटीवरची ती पितळी ढाल आहे ना, ती त्यांनी भिंतीकडे तोंड करून टांगलीय. मी विचारलं का, तर म्हणाले, झळाळी डोळ्यांवर येते."

उलटी टांगली तर टांगली. लोंगर माझाच होता आणि राहील, हे आता त्यालाही रोज दिसत असेल, ढालीच्या मागच्या बाजूकडे बघताना. मी ती परत मागणार नाही. त्याच्याच ओटीवर राहू दे.

तुला नव्या काठ्या केल्यात, एका टोकाला तिरका काप घेऊन, लोंगराच्या तोंडासारखा. आता कोणी उलटी धरणार नाही. पण त्या पाठवत नाही. तू 'मसुदा माझा' लिहून टपालात टाकलंस, हे कळवणारं पत्र आलं की पार्सल निघेल. तेव्हा दाढ, गुडघे, कुत्रा सगळं पुढच्या वेळी सविस्तर लिही; या वेळी दोनच ओळी चालतील, पण लवकर लिही, मी टपालवाल्याच्या सायकलीकडे कान लावून बसलोय.

तुझा
मामा